एका गिऱ्हाइकाचं प्लगिन

माझ्या प्लगिनला साऱ्या जगात एकच गिऱ्हाईक आहे. मध्यंतरी एक दुसरंही आलं होतं, पण ते वाट चुकून. भलतंच काहीतरी शोधत होतं बिचारं, हाताला माझं लागलं, थोडे दिवस ऐकून घेतलं आणि एक तारा ठेवून निघून गेलं. जाताना लिहून गेलं, 'हे आईसारखं टोकतं.' मी उत्तर दिलं, 'आईसारखं नव्हे, बापासारखं. आई एवढ्यावर थांबली नसती.' त्यावर त्याचं पुढे काही आलं नाही.

उरलेलं गिऱ्हाईक म्हणजे माझी मुलगी. घरात तिला मुंगी म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो, घरात दुसरं आहे कोण. लहानपणी ती पलंगाखालून खेळणी एका ओळीत कपाटापर्यंत न्यायची आणि तशाच ओळीत परत आणायची, तेव्हापासून हे नाव. आता ती लांबच्या शहरात प्रोग्राम लिहिते. मीही उभा जन्म तेच केलं, फक्त माझे प्रोग्राम गोदामातली पोती मोजायचे आणि तिचे काय करतात ते तिने मला तीनदा सांगितलंय आणि मी तिन्ही वेळा मान डोलावली आहे.

प्रोग्राम लिहिणारी माणसं दिवसभर ज्या सॉफ्टवेअरमध्ये बसलेली असतात त्याला आयडीई म्हणतात. सुताराचं कामाचं टेबल असतं तसं ते. त्या टेबलाला आपल्या सोयीने एखादी खुंटी ठोकून घेता येते, एखादा खण लावता येतो. तो खण म्हणजे प्लगिन. मुंगीची आई गेली त्या वर्षी मुंगीला पहिली नोकरी लागली. पोरगी टाइप करायला बसली की मान वर काढायची नाही, आणि संध्याकाळी डोकं धरून बसायची. म्हणून मी तिच्या टेबलाला एक खुंटी ठोकून दिली. तासभर ती हलली नाही की स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात एक ओळ उमटायची. पाणी पी. पुढच्या खेपेला, पाठ सरळ कर. त्याच्या पुढच्या खेपेला, ऊठ, खिडकीपर्यंत जाऊन ये. आणि तिने उगाच एकसारखं सेव्ह दाबलं की, झालं की आता, किती सेव्ह करशील.

सांगायचं म्हणजे, फोनवरचं आमचं बोलणं अलीकडे शिक्का मारल्यासारखं झालंय. बरा आहेस? बरा आहे. जेवलास? जेवलो. ठेवते. ठेव. त्यात कोणाचा दोष नाही; रोज शिक्का मारला की अक्षरं झिजतातच. पण त्या कोपऱ्यातल्या ओळी मात्र झिजल्या नव्हत्या. दिवसातून चार-सहा वेळा मी तिच्या खोलीत काहीतरी बोलत होतो, आणि ती ऐकत होती की नाही हे मला कळत नव्हतं, पण तिने ते काढून टाकलं नव्हतं एवढं नक्की.

आणि मग इंटरनेटवरच्या प्लगिनच्या पानावर मुंगीची तक्रार आली. ऑफिसच्या खात्यावरून, एकदम परक्यासारखी. 'आयडीईच्या नवीन आवृत्तीत चालत नाही. सोमवारी आमच्याकडे सगळ्यांची आवृत्ती बदलणार आहे. जे चालत नाही ते काढून टाकणार आहेत.'

मी लिहिलं, 'आपल्या तक्रारीची नोंद घेतली आहे. आमचे तज्ज्ञ कामाला लागले आहेत.'

आमचे तज्ज्ञ म्हणजे मी आणि चहाची किटली.

उत्तर आलं, 'तज्ज्ञांना सांगा, सोमवारच्या आत.'

मी सांगतो त्या गोष्टीत एरवी थोडं तिखटमीठ असतं, हे माझे ओळखीचे सगळे जाणून आहेत. पण हे बिनमिठाचं सांगतो. सोमवारी ती खुंटी निघाली असती तर तिच्या दिवसातलं माझं बोलणं तिथेच बंद पडलं असतं. पुन्हा लावून घे असं मी म्हणू शकलो नसतो आणि पुन्हा लावून दे असं ती म्हणाली नसती. आमच्या घरात हा गुण दोन्हीकडून आलेला आहे.

तर प्लगिन नव्याने बांधायचं होतं. आणि ज्या कम्प्युटरवर ते मूळ बांधलं होतं तो तर केव्हाच वारला होता. त्याचं काय वर्णन करू? त्याचा पंखा सुरू झाला की समोरच्या इमारतीतले दोरीवरचे शर्ट हात हलवायला लागायचे. शेवटी-शेवटी तर तो चालू केल्यावर मी जाऊन दाढी करून यायचो, आणि तो उघडेपर्यंत ती परत वाढलेली असायची. त्याच्या जागी आता एका बंद पडलेल्या ऑफिसातून घेतलेला जुना कम्प्युटर होता. त्यावर कोणीतरी चिकटवलेलं होतं, 'शेवटी जाणाऱ्याने दिवे बंद करावेत.' मी ते काढलं नाही. सूचना माझ्या घरालाही लागू होती.

शनिवारी सकाळी मी मांडणी सुरू केली तेव्हा कंडक्टर आला. कंडक्टर म्हणजे समोरच्या दारातला माझा शेजारी. बसवर जन्म गेला, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी खुर्ची दिली तरी बसत नाही. एका हाताने दाराची चौकट धरून उभाच राहतो आणि आगगाडी जवळून गेली की सवयीने गुडघे वाकवतो. त्याला झोप लागावी म्हणून त्याची बायको आधी पलंग हलवायची. आता ती बहिणीकडे राहायला गेलीय. कंडक्टर म्हणतो, पाहुणी म्हणून गेलीय. दोन हिवाळे झाले या पाहुणचाराला.

"काय चाललंय?" त्याने विचारलं.

मी त्याला टेबल, खण, सगळं समजावलं.

"म्हणजे तू खण बनवणार."

"हो."

"आणि खण बनवायला आधी टेबल लागतं."

"हो. आणि बनवलेला खण नीट बसतो का ते बघायला आणखी एक टेबल लागतं. आपल्याच टेबलावर ठोकाठोक केली आणि काही मोडलं तर? म्हणून पहिल्या टेबलातूनच दुसरं कोरं टेबल उघडतात, तिथे खण लावून बघतात."

"दोन टेबलं."

"दोन."

"आणि बसणारा तू एकटा."

"तू बसशील का?"

"मी उभाच बरा," तो म्हणाला, आणि माझ्या हातातला चहाचा कप काढून घेतला. त्याच्यासाठीच केला होता म्हणा, पण निदान देईपर्यंत तरी थांबायचं.

आयडीई उतरवून घेतलं. मग त्याने जावा मागितली, म्हणजे ते ज्याच्या जोरावर चालतं ते आणखी एक सॉफ्टवेअर. माझ्याकडे होती ती त्याला जुनी वाटली. नवी दिली तर ती त्याला फारच नवी वाटली. माझ्या लग्नाच्या वेळी माझ्या आत्याने मुली बघितल्या होत्या त्या थाटात ते आयडीई एकेक जावा परत पाठवत होतं. शेवटी मधल्या वयाची एक पसंत पडली. मग प्लगिन बांधायचं सामान उतरवायचं होतं. ते तर एवढं, की मला वाटलं शेजारच्या दोन-चार देशांचं सामानही चुकून माझ्याकडेच येतंय. खाली एक हिरवी पट्टी हळूहळू भरत होती. तिच्याकडे बघत बसण्यापलीकडे करण्यासारखं काही नव्हतं. खरं सांगतो, एका कोळ्याने स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत जाळं विणलं, त्यात माशी अडकली, त्याने ती खाल्ली, जाळं आवरून तो दुसरीकडे राहायला गेला, आणि पट्टी होती तिथेच.

"गाडी भरल्याशिवाय सुटायची नाही," कंडक्टर म्हणाला आणि आपल्या घरी गेला. त्याचं दार बंद झाल्याचा आवाज आला. मग कडी लावल्याचा. मग काही नाही.

पट्टी भरली. सोर्स, म्हणजे प्लगिनचा मी लिहिलेला मूळ मजकूर, जुन्या पेन ड्राइव्हवर ठेवला होता, तो आत घेतला. आत घेतल्याबरोबर चुकांच्या खुणांनी सगळं लाल झालं. ज्या खिळ्याला मी माझी ओळ टांगली होती तो खिळाच नव्या आवृत्तीत कोणी काढून टाकला होता. कुठेतरी लांब बसलेल्या कोण्या माणसाला तो खिळा निरुपयोगी वाटला असणार. तो चुकला असंही नाही; त्याला काय माहीत त्यावर काय लटकतंय. नवा खिळा शोधला, त्यावर ओळ टांगली. मग एका ठिकाणी मीच पूर्वी लिहून ठेवलं होतं, अमुक आवृत्तीपासून तमुक आवृत्तीपर्यंत चालेल. ती तमुक आवृत्ती लिहिताना ती मला फार लांबची वाटली होती. तेव्हा वाटलं असेल, इतक्या पुढे कोण जातंय. ती ओळ काढून टाकली.

मग प्लगिन चालवून बघायची आज्ञा दिली आणि वाट बघत बसलो.

तासाभराची वाट कोण बघणार, म्हणून चाचणीपुरती वेळ एका मिनिटावर आणून ठेवली होती. मिनिट झालं. काही नाही. दुसरं मिनिट झालं. कोपरा रिकामा. परत खिळे तपासले. परत चालवलं. काही नाही. जेवलो, परत चालवलं. सबंध दुपार मी त्या कोपऱ्याकडे डोळे लावून होतो आणि कोपरा माझ्याकडे ढुंकून बघत नव्हता. मला वाटायला लागलं की आता जमत नाही हे मान्य करावं. गोदामातली पोती मोजणारा माणूस मी, तिथेही शेवटी माझी मोजणी चुकायला लागली होतीच. पानावर जाऊन लिहावं, 'आमच्या तज्ज्ञांना खेद आहे.' तेवढं वाक्य मी लिहिलंसुद्धा. पाठवलं नाही.

कपडे वाळत घातले होते ते काढायला उठलो आणि उठताना कोपराचा धक्का माउसला लागला. समोरची खिडकी बाजूला सरकली. तिच्यामागे दुसरी खिडकी उघडी होती.

माझ्या धंद्यातलं नवशिकं पोरही ही चूक करत नाही असं म्हणवत नाही, कारण सगळेच करतात, फक्त पुढे कोणी सांगत नाही. दुसरं टेबल उघडलं होतं आणि मी पहिल्याच टेबलासमोर बसून होतो. दुपारभर मागे ती कोरी खिडकी उघडी होती. नव्या घरात नुकतंच कोणी राहायला यावं तशी. भिंतीवर काही नाही, आधीच्या कामाची यादी नाही, रंग अजून ठरायचे आहेत. आणि तिच्या खालच्या कोपऱ्यात माझी ओळ दर मिनिटाला येत होती आणि जात होती. दुपारभर ती बोलत होती. ऐकायला कोणी नव्हतं.

पाणी पी, असं लिहून आलं.

मी जाऊन पाणी प्यायलो.

परत येऊन बसलो तर, पाठ सरळ कर. केली. ऊठ, खिडकीपर्यंत जाऊन ये. गेलो. समोर कंडक्टरच्या खिडकीत त्याचा धुतलेला गणवेश लटकत होता. अजून तो महिन्याकाठी धुतो आणि इस्त्री करतो. परत आलो. पाणी पी. परत प्यायलो. शब्द सगळे माझेच, मीच टाइप केलेले, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण मला असं काही कोणी सांगून बराच काळ झाला होता, आणि ऐकायला बरं वाटत होतं. मी त्या दुसऱ्या टेबलासमोर काहीही काम न करता नुसता बसून राहिलो. इतकं पाणी प्यायलो की वरच्या मजल्यावरच्या बाई विचारायला आल्या, नळाला पाणी का येत नाही. बरं, बाई आल्या नव्हत्या. पण येण्याइतकं प्यायलो होतो.

रविवारी प्लगिनची फाइल बांधून पानावर ठेवली आणि लिहिलं, 'आपली तक्रार दूर केली आहे. सेवेची संधी दिल्याबद्दल आभारी आहोत.'

तिचं उत्तर आलं, 'धन्यवाद.' एवढंच.

सोमवारी सकाळी मी पेपर वाचत होतो. म्हणजे पेपर समोर धरला होता. ती ऑफिसात पोचली असेल, आवृत्ती बदलली असेल, खुंटी लागली असेल, असं मनाशी चाललं होतं. तेवढ्यात फोन वाजला. ती कामाच्या वेळी कधी फोन करत नाही.

"बाबा."

आवाजावरून राग आहे की काय ते कळेना.

"बोल मुंगे."

"वेळ किती ठेवलास?"

"कशाची?"

"पाण्याची. दर मिनिटाला सांगतंय."

चाचणीचं मिनिट काढून तास करायचा राहूनच गेला होता. गंमत म्हणजे मी दुसऱ्या टेबलासमोर तास न् तास बसलो होतो, पण ते मिनिट मला खुपलंच नव्हतं. मला ते बरोबर वाटत होतं.

"मी सगळ्यांना स्क्रीन दाखवत होते," ती सांगत होती. "मोठे साहेब होते. पहिल्यांदा पाणी पी आलं तेव्हा कोणी काही बोललं नाही. नंतर परत आलं तेव्हा साहेबांनी बाटली उघडली."

"चांगलं झालं की."

"मग पाठ सरळ कर आलं. सगळे सरळ बसले, बाबा. दुसऱ्या ऑफिसातून बघत होते तेसुद्धा."

"हे मी सांगितलं असतं तर तू थाप म्हणाली असतीस."

"थापच आहे. सगळे नाही, निम्मेच बसले." आणि ती हसली. ते हसणं मी फार दिवसांनी ऐकलं. थोडं घोगरं झालंय, आईवर गेलंय. तिखटमीठही तिने माझ्याकडून घेतलंय हे मला माहीत नव्हतं.

"आत्ता बदलून देतो," मी म्हणालो. "एक आकडा तर आहे."

"नको, तू कशाला परत त्या खटाटोपात पडतोस. मला सोर्सच पाठव. माझ्याकडेच बांधायची मांडणी करते, म्हणजे पुढे कधी काही मोडलं तर माझं मी बघीन. तुला त्रास नको."

तिने हे मायेनेच म्हटलं. म्हणजे खुंटी राहणार होती, पण ती आता तिची तीच ठोकणार होती. आवृत्त्या येत राहतील, जात राहतील, आणि माझ्या पानावर कधी तक्रार येणार नाही.

"पाठवतो," मी म्हणालो. "पण मांडणी म्हणजे वेळखाऊ काम आहे. तुझं ते कामाचं टेबल आहे, त्यावर खण बनवता येत नाही."

"मला आत्ता तासभर सुट्टी आहे. ओळीने सांग, मी करते."

मी ओळीने सांगायला लागलो. जावाचं सांगितलं, आत्याचंही सांगितलं, ते तिला माहीत नव्हतं. दुसऱ्या खिडकीचं सांगताना मी जरा अडखळलो, तर ती म्हणाली, "तू पहिलीकडेच बघत बसला असशील." मी म्हणालो, "तुला कसं कळलं?" ती म्हणाली, "मी पहिल्या नोकरीत आठवडाभर बसले होते. कोणाला सांगितलं नाही."

मग सामान उतरवायची पाळी आली.

"बापरे, हे केवढं मोठं आहे," ती म्हणाली. "बाबा, तू हे सगळं उतरवलं असशील ना? तुझ्याकडचंच पाठव की. लगेच होईल."

ते सगळं माझ्या स्क्रीनवर एका फोल्डरमध्ये होतं. फोल्डरचं नाव मी 'सगळं' असंच ठेवलं होतं. ते पाठवलं असतं तर काम पाच मिनिटांत उरकलं असतं.

"कंडक्टरने पुसून टाकलं," मी म्हणालो.



"कंडक्टरकाकांना माउस कुठल्या हातात धरायचा ते कळत नाही, असं तूच सांगितलं होतंस."

"म्हणून तर पुसलं गेलं."

मग ती म्हणाली, "घरात कोण आहे आत्ता?"

माझ्या जिभेवर नेहमीसारखं काहीतरी आलं होतं. कंडक्टर, त्याचा मेव्हणा, मेव्हण्याचं वाजंत्री पथक. ते बाहेर पडेना.

"कोणी नाही," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. "मग उतरू दे सावकाश. फोन ठेवत नाही मी, स्पीकरवर टाकते."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग खुर्ची ओढल्याचा. मग कळा दाबल्याचा, थोडा वेळ थांबून परत दाबल्याचा. तिचं दुसरं काहीतरी काम चाललं असावं. मीही माझा फोन टेबलावर ठेवला आणि पेपरच्या घड्या सरळ केल्या. एकदा ती खोकली. एकदा तिच्या खोलीत कोणीतरी येऊन काही विचारून गेलं आणि ती त्याला म्हणाली, "बाबा आहेत लाइनवर." तो बरं म्हणून गेला. सामान पूर्ण उतरलं की तिला माझी गरज उरणार नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, आणि दोघांनीही त्याची घाई केली नाही.

"पट्टी कुठवर आली?" मी विचारलं.

"निम्मीपण नाही."

"पहिल्यांदा लागतोच वेळ."

"हो," ती म्हणाली, आणि परत टाइप करायला लागली.